मावशीच्या संत्र्याच्या चार हजार बिया

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मृत्यूचा पराभव व्हायचा होता. माळ्याची बस चुकली, म्हणून तो साडेअकरावर गेला.

प्रयोगशाळेत मावशी नवीकोरी कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या अंगणातल्या संत्र्याइतकं गोड फळ पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. झाड वाळायला लागलं तेव्हा हाच माळी कलमासाठी फांदीवरचे चार डोळे मागायला आला होता. डॉक्टर भाचीने त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं. कलमं बांधायचा जमाना गेला, म्हणाली. तिने कोंबांचे इवलाले शेंडे कापले, एकेक शेंडा जेलीच्या थेंबात गुंडाळला, थेंब क्षारांच्या पाण्यात सोडला. त्याचा घट्ट मणी झाला. झाली कृत्रिम बी! अशा चार हजार बिया, चार हजार बाटल्या. झाकणं उघडायची नाहीत, जंतू शिरतात. दरम्यान झाड गेलं. मावशी रडली नाही. भाचीने शब्द दिला होता.

दोन वर्षांनी आज पहिली बाटली उघडली. बाटलीत उगवलेली रोपं मातीत लावायला माळीच लागतो, एवढं विज्ञानालाही मान्य होतं.

माळ्याने रोप चिमटीत धरलं, एक पान चुरडलं, हुंगलं. मग दुसऱ्या बाटलीतलं हुंगलं. मग तिसऱ्या.

"मॅडम, ही तर जंबेरी."

"म्हणजे?"

"रानटी लिंबू. आंबटढाण. हिच्याच खुंटावर मावशींच्या संत्र्याचं कलम होतं. जोडाच्या वर संत्रं, जोडाच्या खाली ही. तुम्ही शेंडे कुठले घेतलेत?"

"बुडाशी फुटलेले," भाची कशीबशी म्हणाली. "वरचे वाळके दिसत होते. खालचे कसे लुसलुशीत..."

मावशीने कुंडी खाली ठेवली.

"अगं बये, ते कोंब मी दरवर्षी खुडून फेकायचे. तुला कोवळं काहीतरी हवं होतं, म्हणून त्या वर्षी मुद्दाम राखले."

भाचीने बाटल्यांच्या रांगांकडे पाहिलं. रोपं सगळी हिरवीगार होती, पानापानाला एकसारखी. माळी खाली मान घालून बोटं पुसत राहिला.

जंबेरीची साधी बी मातीत टाकली, की तीन आठवड्यांत उगवते.