टॉवरची पाळी

संध्याकाळी सव्वापाचला धनाजी गुरवाने कोंडवाडीच्या फळ्यावर लिहिले, ‘चाळीस मिनिटे कमी.’ सगळ्या मोबाइल कंपन्या एक झाल्यापासून गावाने बाहेरगावी रोज ठरलेली मिनिटे बोलणे भरले नाही, तर सहाला टॉवर कायमचा बंद होणार, असा नियम होता. आज बोलायची पाळी सरूबाईंची होती.

“बाहेर आहे कोण माझं? एक बहीण, तीही अकरा वर्षं अबोला धरून.”

“मग भांडा, मावशी. यंत्र भांडणही मोजतं. सुनेचे दिवस भरलेत, रेंज गेली तर अँब्युलन्स कशी बोलवाल?”

सरूबाईंनी फोन लावला. “यमे, आईच्या पाटल्या तूच नेल्यास.”

“आणि तू तिला शेवटचं बघायलाही आली नाहीस.”

पाच सत्तावन्नला दोनच मिनिटे कमी होती. दोघी गप्प होत्या, पण फोन कुणीच ठेवला नव्हता. गप्प राहिलेली मिनिटे धरतात का, हे कंपनीने अजून कळवलेले नाही.