खिशातला बहिरा उंदीर

प्रयोगशाळेतले काका म्हणजे पक्के मस्करीखोर. आज त्यांनी पिंजऱ्यातला बहिरा उंदीर एप्रनच्या खिशात लपवला आणि पिंजऱ्यात हुबेहूब तसाच, पण ठणठणीत कानांचा उंदीर सोडला. मॅडमनी रोजच्यासारखी टाळी वाजवली. उंदीर टुणकन उडाला. काकांनी हसू कसंबसं दाबलं. मॅडम मात्र मटकन खालीच बसल्या. “काका, पाहिलंत? औषध लागू पडलं हो!” मॅडमची लेक जन्मापासून बहिरी. तिच्या गुणसूत्रावरची बिघडलेली जागा मॅडमनी वर्षानुवर्षं खपून या बहिऱ्या उंदराच्याही गुणसूत्रावर हुडकली होती. औषध त्याच जागेसाठी होतं. मस्करीच्या नादात हे काकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. “मॅडम, जरा ऐका ना...” “थांबा, आधी तिला सांगू द्या!” फोनवर लेकीचा चेहरा उमटला. मॅडम खुणांनी सांगत होत्या, रडत होत्या, टाळ्या पिटत होत्या. काकांचा हात खिशात गेला. उंदीर गाढ झोपला होता.