बॉनेटचं आखडलेलं लॉक

मिनेसोटातल्या आपल्या घरच्या गॅरेजात दोघं सकाळपासून बॉनेटच्या आखडलेल्या लॉकशी झटत होती. व्हर्ल गाडीत बसून खटका ओढायचा. त्याची बायको मार्लिस बोल्ट केसभर सरकवून बॉनेट आपटायची.

"जोरात आपट की! माझ्यावर राग काढतेस तशी!"

खट्.

"बसलं का गं?" व्हर्लचा आवाज अंगणातून आल्यासारखा वाटला.

पुन्हा खट्. व्हर्ल काचेमागे तिथंच होता, आवाज मात्र घरामागच्या तळ्यापलीकडून आला.

तिसऱ्या खेपेला नुसते ओठ हलले. मार्लिसने गाडीचं दार ओढलं, उघडेना. तिने हातानेच खूण केली, खटका ओढ. बॉनेट उचकलं, तशी फटीतून व्हर्लची बारीकशी हाक ऐकू आली. तिने दोन्ही हात फटीत घातले.

बॉनेट आपोआप खाली येऊ लागलं. काचेमागे व्हर्ल हसत खुणावत होता, लाव, आणखी एकदा लाव.