सुदृढ पुरावा

"बाळ तुमचंच ना?" कंपनीच्या वकिलांनी विचारले. न्यायालयात हशा पिकला. मागच्या बाकावर सहा महिन्यांच्या मुलाला घेऊन बसलेल्या दावेदाराच्या बायकोने, सायलीने, मान खाली घातली.

"माझंच," ऋतुराज चौगुले म्हणाला. "पण साहेब, ते कंपनीच्या इंजेक्शनमुळं झालं. फाउंड्रीच्या भट्टीपुढं माझे शुक्राणू संपले होते, म्हणून तर दावा लावला. शेडमधली उष्णता कमी करा, एवढंच मागणं हाय."

"आणि कंपनीनं काय केलं?" वकील म्हणाले. "फुकट उपचार केला! प्रत्येक कामगाराला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. आज त्या शेडमध्ये एकाचीही शुक्राणुसंख्या कमी नाही."

हे खरे होते. उष्णतेचा परिणाम शुक्राणूंवर लवकर दिसतो, म्हणून शेड किती तापू द्यायची यासाठी कायद्याने तोच एक निकष ठरवला होता. इंजेक्शन तेवढा निकष दुरुस्त करीत असे. शरीराचा उरलेला भाग भट्टीपुढेच उभा राही.

"साहेब, माझ्या किडन्या निम्म्या गेल्यात," ऋतुराज म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, धगीनंच."

"किडनीचा निकष कायद्यात नाही," न्यायाधीश सहानुभूतीने म्हणाले आणि त्यांनी दावा फेटाळला.

तेव्हा वकिलांनी नम्रपणे एक अर्ज पुढे केला. कामगारांची शुक्राणुसंख्या उत्तम असल्यामुळे शेडमधील तापमानाची कमाल मर्यादा चार अंशांनी वाढवावी, अशी त्यात विनंती होती.

न्यायाधीशांनी बाळाकडे पाहिले. बाळ गुटगुटीत होते. त्यांनी अर्ज मंजूर केला.