शिवाप्पाची पावडर

जोतीरामच्या पत्राला मी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. तो मुलाकडे टोरांटोला राहायला गेला, तिथून त्यानं लिहिलं होतं: ‘गड्या, हितला चहा म्हंजे निस्तं रंगीत पाणी. उंब्रजच्या शिवाप्पाची पावडर धाड. ती येईस्तोवर चहा बंद!’ पण शिवाप्पा त्याच महिन्यात वारला होता, दुकानाला कुलूप लागलं होतं. एवढंसं कळवायला मला धड शब्द सुचेनात. कागद फाडत राहिलो. काल जयराजचा, त्याच्या मुलाचा फोन आला. “आवं काका, बाबांनी तवापास्नं चहा तोंडाला लावला न्हाई. तुमचं पार्सल आलं का, रोज इचारत्यात. आता लय थकल्यात.” फोनवर मला सांगवेना. आज बसून लिहिलं: ‘जोतीराम, शिवाप्पा गेला. त्याची पावडर आता मलाही मिळत नाही. जयराज देईल तो चहा पी.’ परत न वाचता पत्र पोस्टात टाकलं.