अकरा फाटकं

तिसरं फाटकही सताड उघडं होतं.

नोएलीनने गाडी थांबवली आणि काचेतून बघत बसली. लोखंडी फाटक पार मागे नेऊन कुंपणाच्या खांबाला बांधलेलं होतं. गवताच्या गठ्ठ्यांना असते तसली निळी दोरी आणि वर नीट मारलेली सुरगाठ. पहिली दोन फाटकं उघडी दिसली तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती, की कुणी टँकरवाला घाईत निघून गेला असेल. पण घाईतला टँकरवाला खाली उतरून सुरगाठी मारत बसेल होय?

तिच्या मैत्रिणीच्या, डल्सीच्या जमिनीवर फाटक उघडं राहणं म्हणजे अघटितच. हमरस्त्यापासून तिच्या घरापर्यंत बासष्ट किलोमीटर लाल मातीचा रस्ता आणि त्यावर अकरा फाटकं. एक जरी उघडं राहिलं, तर वळू कालवडींत शिरतो आणि महिन्याभराची मेहनत मातीत जाते. म्हणून परक्याने फाटक जसं दिसेल तसं सोडायचं. बंद असेल तर मागे बंद करायचं, उघडं असेल तर हात लावायचा नाही. नोएलीनने हात लावला नाही. ती पुढे निघाली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कारण या खेपेला ती नुसती मैत्रिणीला भेटायला आलेली नव्हती. गेल्या आठवड्यात डल्सीच्या मुलीचा, कॅरिनचा, अ‍ॅडलेडहून फोन आला होता. "नोएलीन मावशी, आई हल्ली फार विसरते गं. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते. तू डोळ्यांनी बघ आणि मला खरं काय ते सांग. तू म्हणालीस तर तिला इकडे वृद्धाश्रमात आणते. तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकायची नाही."

थोडक्यात, निवाडा नोएलीनच्या गळ्यात पडला होता. आणि कॅरिनचं अगदीच खोटंही नव्हतं. "एकटीच येणार ना गं?" हे डल्सीने तिलाही तीनदा विचारलं होतं. दोन दिवसांपासून तर तिचा फोन नुसता वाजत होता. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरूनही नोएलीनने लावून पाहिला, कुणी उचलला नाही.

चौथं फाटक उघडं. पाचवंही. दोन्हींना निळी दोरी.

भीती होतीच, पण आता कुतूहलही नोएलीनला चैन पडू देईना. विसरणारी बाई गाठी कशाला मारेल? की दुष्काळाला कंटाळून गुरं विकून टाकली? सहाव्या फाटकापलीकडे पवनचक्कीखालचा हौद काठोकाठ भरलेला होता, आणि प्यायला एक वासरू नव्हतं. शेण मात्र ताजं होतं. तिने गाडी हळू करून मान बाहेर काढून ते दोनदा बघितलं.

तिचा नवरा क्लिफ असता तर एव्हाना त्याने चार तर्क लढवले असते. वीस वर्षं या रस्त्यावर गाडी ती चालवायची आणि फाटकं तो उघडायचा. शेजारी बसेल त्याने उतरायचं, हा इकडचा रिवाज. प्रत्येक फाटक लावून आला की म्हणायचा, "सांग तुझ्या डल्सीला, पुढच्या वर्षी मी येत नाही." मार्चमध्ये तो गेला. त्याच्या जागेवर आज केकचा डबा आणि कोबीचा गड्डा होता, कारण ती जागा मोकळी ठेवणं तिला जमलं नव्हतं.

सातवं, आठवं, नववं, दहावं. अकरावंही उघडं निघालं तेव्हा तिने कॅरिनला सांगायचं वाक्य मनात जुळवलं. ये आणि आईला घेऊन जा. तिला रडू आलं.

घराजवळ पोचली तर हा गोंगाट! आवारात दीडशे गुरं दाटीवाटीने कोंडलेली, हंबरून हंबरून कान किटवत होती. मोटरसायकल कुंपणाला टेकवलेली. कुत्रा तिच्या सावलीत मेल्यासारखा पडलेला. आणि एकाहत्तर वर्षांची डल्सी, केसांपासून पायांपर्यंत लाल धुळीने माखलेली, पायरीवर बसून पायातले बूट ओढून काढत होती.

"आलीस? चहा तूच टाक बाई. माझ्यात उठायचं त्राण नाही."

"डल्सी, फाटकं!" नोएलीन गाडीतूनच ओरडली. "अकराच्या अकरा उघडी आहेत! कळतंय का तुला?"

"न कळायला काय झालं? मीच उघडली. दोन दिवस या गुरांच्या मागे उन्हातान्हात फिरले, सगळी इथे आणून कोंडली, आणि आज उजाडता उजाडता जाऊन एकेक फाटक बांधून आले. तू परत गेलीस की पुन्हा सगळी लावत बसायचं आहे."

"अगं, पण कशासाठी?"

डल्सीने दुसरा बूट काढला आणि त्यातली माती पायरीवर झटकली. मैत्रिणीकडे तिने बघितलंच नाही.

"फाटक उघडायला शेजारी कुणी नाही, हे तुला अकरा वेळा कशाला कळायला हवं?"