कलतं तळं

यंत्रांनी तळ्याचं पाणी कलतं धरलं आणि दोन काठांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण मिटलं. उत्तरेला रमकलाबाईच्या ढिवरांना हवं तसं खोल पाणी, दक्षिणेला पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात कापगत्यांची टरबुजं. तरी रमकलाबाईचं जाळं रिकामंच यायचं. एवढ्या पाण्यातले मासे गेले तरी कुठे?

न राहवून ती डोंग्यात बसली. वल्हं न मारताच डोंगा पाण्याच्या उतारावरून घसरत दक्षिणेला लागला. तिथल्या उथळ पाण्यात सगळी मासळी अंडी घालायला जमली होती आणि मासळीमागे आलेल्या बगळ्यांनी टरबुजांचे वेल पार तुडवले होते.

"तुमचे मासे घेऊन जा, बाई," कापगते वैतागून म्हणाला.

"चढ आहे ना, भाऊ. वर येतच नाहीत."

कापगत्याने वेलांवरचा एक बगळा हाकलला.

"यंत्रांना पाणी सपाट करायला सांगू?" त्याने विचारलं.

"सांगा. मग बसू भांडत."